नाउन क्लॉज ओळखायचा कसा? (मुलीसमोर अब्रू वाचवा)

रातराणी

नमस्कार मंडळी. व्याकरणाचा धागा आहे, कंटाळा आला तर पुढे जा, रागावणार नाही.

आमची पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकलेली आणि तेही पाठांतरावर. मुलगी नववीत, सेमी इंग्लिशला आहे. काल रात्री पोळ्या लाटत असताना वही घेऊन आली आणि म्हणे आई ही दोन वाक्यं सारखीच दिसतात मग एकात नाउन क्लॉज आणि एकात ॲडजेक्टिव्ह क्लॉज असं का लिहिलंय. वाक्यं अशी (रोमन कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा, म्हणून इंग्रजीही देवनागरीतच टाइप करतेय, चालवून घ्या):

१) 'द न्यूज दॅट ही टोल्ड अस वॉज नॉट ट्रू.'
२) 'द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड वॉज नॉट ट्रू.'

पहिल्यात ॲडजेक्टिव्ह, दुसऱ्यात नाउन. मी म्हटलं उद्या सांगते, आत्ता पोळी करपेल. पोळी करपली नाही पण मलाही सांगता आलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला 'दॅट' आलं की नाउन क्लॉज, आणि परत बातम्या बघायला लागला. कुणी नीट समजावून सांगेल का? डिपेंडंट क्लॉज म्हणजे जो एकटा उभा राहू शकत नाही तो, एवढं कळतं. पुढे अंधार.

फुकटचा_सल्ला

सोप्पंय. क्रियापदाला 'काय' असा प्रश्न विचारायचा. 'आय नो दॅट ही इज ऑनेस्ट.' काय माहितीये? तो प्रामाणिक आहे हे. आलं उत्तर, झाला नाउन क्लॉज. पाचशे रुपये फी पाठवा.

रातराणी

अहो ते जमतं की. पण माझ्या दोन्ही वाक्यांत 'काय खरं नव्हतं' विचारलं तर दोन्हीकडे 'बातमी' असंच उत्तर येतंय. फी परत करा.

फुकटचा_सल्ला

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

निवृत्त_मास्तर

ताई, तेहतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा वर्षं मीही 'काय विचारा'च शिकवत होतो. ती युक्ती क्लॉज कर्म म्हणून आला की चालते. पण नाउन क्लॉज म्हणजे वाक्यात नामाच्या जागी बसलेलं अख्खं वाक्य, आणि नाम जिथे जिथे बसतं तिथे तिथे तो बसणार. कर्ता होईल: 'व्हॉट ही सेड इज ट्रू'. कर्म होईल, ते झालंच. 'इज' नंतर पूरक म्हणून येईल: 'द प्रॉब्लेम इज दॅट वी हॅव नो मनी', हे वाक्य मुलांना फार लवकर पटतं. 'ऑन', 'ऑफ' अशा प्रेपोझिशनच्या नंतर येईल: 'इट डिपेन्ड्स ऑन हाऊ यू लुक ॲट इट'. आणि शेवटचं ठिकाण म्हणजे एखाद्या नामाच्या शेजारी जाऊन त्याच नामाचा खुलासा करणं, ज्याला ॲपोझिशन म्हणतात. तुमच्या मुलीचं दुसरं वाक्य ते. बातमी कोणती तर 'त्याने राजीनामा दिला' हीच बातमी. बातमी आणि क्लॉज एकच वस्तू.

ओळखायची खूण सांगतो. 'दॅट' झाका आणि पुढचं वाचा. 'ही हॅड रिझाइन्ड' हे पोटभर वाक्य आहे, काही कमी नाही. 'ही टोल्ड अस', त्याने आम्हाला सांगितलं, पण काय? भोक आहे. त्या भोकात 'न्यूज' बसते. भोक असेल तर ॲडजेक्टिव्ह, म्हणजे शेजारच्या नामाचं वर्णन करणारा, नसेल तर नाउन. दुसरी खूण, 'दॅट' काढून 'विच' ठेवून बघा. पहिल्यात चालतं, दुसऱ्यात दाताखाली खडा येतो.

रातराणी

मास्तर!!! भोकवालं कळलं. आत्ता तिला झाकून दाखवलं, ती म्हणाली ओके, म्हणजे तिच्या भाषेत खूप कळलं.

अभ्यासिका_पुणे

मास्तर भारी. पण आम्ही कंबाइनवाले, म्हणजे एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची तयारी करणारे, परीक्षेत भोकं शोधत बसायला वेळ नसतो, एका प्रश्नाला जेमतेम अर्धं मिनिट. काही झटपट आहे का? 'व्हेअर', 'व्हेन', 'इफ' वर माझे हमखास मार्क जातात. एकच शब्द कधी नाउन क्लॉज लावतो कधी ॲडव्हर्ब (क्रिया कधी, कुठे, का, कुठल्या अटीवर ते सांगणारा).

तिखटमीठ

मी बरेच दिवस नुसती वाचत होते पण आता राहवत नाही. मी क्लासमध्ये हे मराठीतून शिकवते, म्हणजे इंग्रजी क्लॉज मराठीत टाकून बघायचा आणि मराठीच सांगते तो कुठला आहे ते. कारण आपल्याकडे जी सोय आहे ती इंग्रजीकडे नाही. त्यांचा एकच 'व्हेअर' आपल्याकडे दोन वेगळ्या शब्दांत फुटतो, 'कुठे' आणि 'जिथे'. एक क-वाला, एक ज-वाला. 'व्हेन' म्हणजे कधी किंवा जेव्हा. 'हू' म्हणजे कोण किंवा जो. 'व्हॉट' म्हणजे काय किंवा जे. लहानपणापासून आपण हे न चुकता वापरतो, कुणी शिकवलेलं नसतं.

आता बघा:

'आय नो व्हेअर ही लिव्हज.' तो कुठे राहतो हे मला माहितीये. क आला आणि पाठोपाठ 'हे' आलं. नाउन क्लॉज.

'द हाउस व्हेअर ही लिव्हज इज ओल्ड.' तो ज्या घरात राहतो ते घर जुनं आहे. ज आला, आणि तो 'घर' या नामाला चिकटला. ॲडजेक्टिव्ह क्लॉज.

'आय गो व्हेअर ही गोज.' तो जिथे जातो तिथे मी जाते. ज आलाय पण नामाला चिकटलेला नाही, जिथे–तिथे अशी जागेची जोडी झाली. ॲडव्हर्ब क्लॉज.

रातराणीताईंची वाक्यंही घ्या. 'त्याने आम्हाला जी बातमी सांगितली ती खोटी होती', ज चपखल बसतो. दुसऱ्यात बसवून दाखवा कुणीतरी. 'जी त्याने राजीनामा दिला ती बातमी'? कानाला टोचतं. तिथे आपण 'त्याने राजीनामा दिल्याची बातमी' किंवा 'राजीनामा दिला ही बातमी' असंच म्हणणार. ज नाही, 'ही' आहे. म्हणून नाउन.

थोडक्यात क्लॉजला मराठीत 'हे, असं, याचा, यावर' जोडता आलं की नाउन. मास्तरांचं 'इट डिपेन्ड्स ऑन हाऊ यू लुक ॲट इट' बघा, 'तुम्ही कसं बघता यावर अवलंबून आहे', 'कसं' आणि 'यावर' दोन्ही हजर.

फुकटचा_सल्ला

हे पाचशे रुपये तिखटमीठ यांना द्या.

निवृत्त_मास्तर

वा. मान गये. पण परीक्षक म्हणून एक काडी टाकतो. 'व्हॉट ही सेड इज ट्रू'. मराठी काय होणार, 'तो जे बोलला ते खरं आहे'. इथे तर ज आला! आणि हा तर शंभर टक्के नाउन क्लॉज. आता?

तिखटमीठ

मास्तर, तिथेच येणार होते, तुम्ही आधी पकडलंत. तिथे ज आहे पण तो ज कुठल्या नामाला चिकटलाय? कुठल्याच नाही. 'जे–ते' दोघंच स्वतःच्या पायावर उभे. इंग्रजी वाक्यात बघा, 'व्हॉट'च्या आधी नाम नाहीच, वाक्यच 'व्हॉट'ने सुरू झालंय. म्हणजे चिकटायला नाम नसलेला जे–ते किंवा जो–तो हा नाउन क्लॉजमध्येच जमा. 'हूएव्हर कम्स फर्स्ट विल गेट द प्राइज', जो पहिला येईल त्याला. तसंच.

आणि खरी गंमत इथे आहे. 'आय नो व्हॉट ही नोज' या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि इंग्रजीत लिहिलेलं तंतोतंत सारखं दिसतं. एक, 'त्याला काय माहितीये ते मला ठाऊक आहे', म्हणजे त्याच्या डोक्यात काय आहे याचा मला अंदाज आहे. दोन, 'त्याला जे माहितीये ते मलाही माहितीये', म्हणजे ज्ञान दोघांचं सारखं. काय आणि जे. इंग्रजाला हा फरक सांगायला आणखी एक वाक्य खर्च करावं लागतं, आपलं एका अक्षरात भागतं. शाळेत दोन्हीला नाउन क्लॉजच म्हणतात त्यामुळे मार्क जात नाहीत, पण मला हे दर वर्षी शिकवताना मज्जा येते.

अभ्यासिका_पुणे

बाप रे. हे आत्ताच वहीत उतरवलं. पण ताई 'इफ' राहिला. 'इफ'ला क-ज कुठून आणायचा?

तिखटमीठ

'जर'. ज-वालाच की तो. 'इफ ही कम्स आय विल गो', जर तो आला तर मी जाईन, जर–तर, ॲडव्हर्ब. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम', इथे 'जर' घालून बघ. 'मला माहीत नाही जर तो येईल', हे हल्ली काही डब केलेल्या मालिकांत ऐकू येतं पण मराठी नाही ते. खरं मराठी 'तो येईल की नाही ते माहीत नाही'. म्हणजे नाउन. आणि तुझे मार्क जातात ते इथून: ॲडव्हर्ब क्लॉजमधे 'इफ' किंवा 'व्हेन' नंतर भविष्याबद्दल बोलताना साधारणपणे 'विल' येत नाही, नाउन क्लॉजमध्ये बिनधास्त येतो. स्पॉट द एररमध्ये 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' देतात, पोरं 'व्हेन'पुढे 'विल' दिसला की झडप घालतात, आणि ते वाक्य बरोबर असतं. 'कधी येणार' असं भाषांतर झालं की 'विल' ठेव. 'आला की' किंवा 'आला तर' झालं की 'विल' उडव.

'टेल मी व्हेन ही कम्स' म्हणजे एरवी तो आला की मला सांग, पण रोजचा तो किती वाजता येतो ते सांग, असंही होऊ शकतं. 'टेल मी व्हेन ही विल कम' म्हणजे मात्र फक्त कधी येणार तेवढं सांग. ऑफिसच्या मेलमधे 'लेट मी नो इफ यू नीड हेल्प' लिहितात तेही असंच दुहेरी, मदत लागली तर कळव की मदत हवीये का ते कळव. त्यावर कुणी भांडत नाही हे नशीब.

म्हापसेकार

चर्चा झकास. थोडं अवांतर पण संबंध आहे. वरती सगळे 'की' वापरतायत. 'की'वर भरवसा ठेवू नका, तो तीन दुकानं चालवतो. 'म्हणाला की', 'येणार की नाही', 'आला की सांग', तिन्ही वेगळी. 'तो म्हणाला की' यातला 'की' फारसीतून आला असं मानतात. त्याच्याशिवायही मराठीचं काम छान चालतं, वाक्य आधी बोलून टाकायचं आणि मग 'असं' किंवा 'म्हणून' लावून गाठ मारायची, 'उद्या येतो असं म्हणाला'. आमच्या कोंकणीत अजून तीच पद्धत जोरात आहे, 'तो येतलो म्हण ताणें सांगलें'. 'म्हण' मागून येतो. इंग्रजीत 'दॅट' पुढून येतो. म्हणून आमची पोरं पण 'दॅट' कुठे घालायचा यात गडबडतात.

बर्फातला_मराठी

टोरोंटोहून लिहितोय, इथे रात्रीचे अडीच, झोप येत नव्हती आणि हा धागा दिसला. कॉलेजात भाषाशास्त्र थोडं शिकलो होतो म्हणून दोन पैसे टाकतो. 'दॅट' हा मुळात 'ते' असं बोट दाखवणारा शब्द, त्याचाच पुढे जोडशब्द झाला. 'मला ते माहितीये: तो प्रामाणिक आहे', अशा दोन तुटक वाक्यांतून सरकत सरकत 'आय नो दॅट ही इज ऑनेस्ट' झालं. म्हणून तिखटमीठ यांची 'हे' जोडून बघायची युक्ती नुसती युक्ती नाही, इंग्रजीच्या पोटातही तेच आहे. आणि 'नाउन क्लॉज' हे नाव आता सगळ्या व्याकरणकारांना आवडत नाही, ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 'दॅट'वाल्यांसाठी 'कंटेंट क्लॉज' म्हणजे आशय सांगणारा क्लॉज असा शब्द वापरला आणि पुढच्या काही मोठ्या व्याकरणांनी तो उचलला. पण बोर्डाच्या पेपरात हे लिहू नका, तपासणारे काट मारतील.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. आपल्या लोकांची इथे सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक ओळखण्याची नाहीच, क्रमाची आहे. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही.' 'कॅन यू टेल मी व्हॉट इज द टाइम.' नाउन क्लॉज झाला की प्रश्नाचा उलटा क्रम सुलटा व्हायला हवा, 'व्हेअर ही इज'. मी स्वतः चार वर्षं चुकीचं बोलत होतो, एका म्हाताऱ्या शेजारणीने हसत सांगितलं तेव्हा कळलं. मला वाटतं याचं कारण मराठीत प्रश्न विचारताना क्रम बदलतच नाही, 'तो कुठे आहे?' आणि 'तो कुठे आहे माहीत नाही' दोन्हीकडे तेच. मग इंग्रजी शिकताना 'इज ही' असं उलटं करायला मार खाऊन खाऊन शिकतो, आणि एकदा हात बसला की नको तिथेही उलटंच करतो.

निवृत्त_मास्तर

अगदी बरोबर निदान. फक्त 'हू केम' सारख्यात बदल नाही, कारण तिथे 'हू' स्वतःच कर्ता. 'टेल मी हू केम' तसंच राहतं.

मी आणखी एक चूक सांगतो, ही खास मराठी मुलांची. 'तो म्हणाला की मी उद्या येतो'. आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. मूल लिहितं 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो'. झालं, येणारा माणूसच बदलला.

रातराणी

मास्तर हे माझ्या बाबतीत घडलंय हो!! पहिल्या नोकरीत साहेबांचा फोन आला की मी उद्या येणार नाही, मी सगळ्यांना मेल टाकला 'सर सेड दॅट आय विल नॉट कम टुमॉरो'. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर हजर तर सगळे विचारतायत तू कशी काय आलीस, आणि साहेबांच्या केबिनबाहेर दोन पाहुणे अकरापर्यंत बसलेले. मला तेव्हा वाटलं इंग्रजी लोकांना समजत नाही. आज कळलं नाउन क्लॉजमध्ये 'आय'चा 'ही' करायचा असतो.

म्हापसेकार

😂 आणि 'विल'चा 'वुड'.

फुकटचा_सल्ला

सिरियस प्रश्न, खरंच. 'आय ॲम ग्लॅड दॅट यू केम.' हा कुठला? भाच्याच्या दोन गाइडांत दोन उत्तरं आहेत. एकात नाउन, एकात ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ रीझन.

निवृत्त_मास्तर

शिक्षकांच्या खोलीत यावर चहा गार व्हायचा. मी ॲडव्हर्ब शिकवायचो. आनंद का झाला? तू आलास म्हणून. कारण आहे ते. पण 'आय ॲम शुअर दॅट ही विल कम' मात्र नाउन, कारण तिथे 'ऑफ' गिळलेला आहे, शुअर ऑफ व्हॉट.

तिखटमीठ

माझं मत मास्तरांपेक्षा वेगळं. मराठीत दोन्ही होतं ना, 'तू आलास म्हणून आनंद झाला' आणि 'तू आलास याचा आनंद झाला'. पहिल्यात कारण, दुसऱ्यात नाम. आपली भाषाच ठरवू देत नाही तर गाइडवाल्यांना काय दोष द्यायचा. शिवाय 'ग्लॅड'लाही 'ऑफ' किंवा 'अबाउट' लागतोच की, मग 'शुअर'ला एक न्याय आणि 'ग्लॅड'ला दुसरा का? मी नाउन शिकवते. 'दॅट'च्या आधी प्रेपोझिशन सहसा टिकत नाही म्हणून गळून पडतो, त्याला काय करणार. त्याच कारणाने 'डिस्पाइट दॅट ही वॉज इल' चालत नाही, मधे 'द फॅक्ट' घुसवावं लागतं. पण 'व्हॉट', 'हाऊ' वगैरेंच्या आधी प्रेपोझिशन मजेत राहतो.

निवृत्त_मास्तर

तुमचा 'ऑफ'चा युक्तिवाद जड आहे. तरी मी ॲडव्हर्बच म्हणणार, आता सवय जाणार नाही.

अभ्यासिका_पुणे

दोघांनी भांडून आमचा मार्क घालवू नका 😭 आम्ही काय टिक करायचं

तिखटमीठ

ज्या परीक्षेला बसतोयस तिचे जुने पेपर आणि उत्तरतालिका बघ, तिथे जे धरलंय ते धर.

रातराणी

अपडेट. मुलीला तिखटमीठ यांचं क आणि ज सांगितलं, तिने 'व्हेन'वर करून दाखवलं:

'आय रिमेंबर व्हेन वी मेट.' कधी भेटलो ते. नाउन.
'आय वॉज अस्लीप व्हेन यू कॉल्ड.' जेव्हा फोन केलास तेव्हा. ॲडव्हर्ब.
'आय रिमेंबर द डे व्हेन वी मेट.' इथे तिने ॲडव्हर्ब लिहिलं, म्हणे 'व्हेन' आहे, वेळ आहे, ॲडव्हर्ब ऑफ टाइम. मलाही तेच वाटलं आधी. मग म्हटलं मराठीत म्हण. 'आपण ज्या दिवशी भेटलो तो दिवस.' दोघी गप्प बसलो. 'ज्या' दिवसाला चिकटलाय ना? म्हणजे ॲडजेक्टिव्ह? मास्तर बरोबर आहे का?

निवृत्त_मास्तर

बरोबर. दहापैकी दहा, आईला.

रातराणी

वही बंद करताना कार्टी काय म्हणाली सांगू? 'आई, पहिल्या वाक्यात मला कधी भेटलो ती तारीख आठवत नाहीये, भेटलो तो प्रसंग आठवतोय, मग कधी कसं म्हणायचं?' आता याचं उत्तर कोण देणार आहे, मी पोळ्यांना जाते.

तिखटमीठ

तिला माझ्या क्लासला पाठवा हो, फी नको. तिथे 'कधी' नाही, 'भेटलो होतो ते आठवतं' असंच म्हणायचं, क नाही ज नाही, नुसतं 'ते'. नाउनच आहे, पण माझी युक्ती तिने अर्धी मोडली हे खरं.